शाळा अनुदान: कोणता खर्च चालतो, कोणता अडकतो आणि कागद कोणत्या क्रमाने लागतात

जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं, त्यावर निघणारे लेखा आक्षेप माझ्या पाहण्यात तरी क्वचितच अफरातफरीचे असतात. पैसा शाळेवरच खर्च झालेला असतो. नळ बसलेला असतो, फळा रंगवलेला असतो. पण ठराव बिलानंतरच्या तारखेचा असतो, नाहीतर क्रीडा अनुदानातून पंखा घेतलेला असतो, नाहीतर बिलावर शाळेऐवजी गुरुजींचं नाव असतं. मग वसुलीचं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे येतं आणि 'मी काय घरी नेलं का?' हा प्रश्न सुरू होतो.

मुख्याध्यापक, हिशेब बघणारे सहशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, तिघांनाही हे माहीत असायला हवं की खर्च उपयोगाचा होता एवढ्याने भागत नाही. तो योग्य शीर्षाखाली (म्हणजे ज्या कामासाठी पैसे आले त्याच कामाखाली), त्याच आर्थिक वर्षात आणि समितीच्या आधीच्या निर्णयाने झाला, हे कागदांवरच्या तारखांवरून दिसावं लागतं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: रक्कम कुठल्या शीर्षाची, ते ओळखा

सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या तीन योजना एकत्र करून २०१८-१९ पासून समग्र शिक्षा सुरू झाली. आधी शाळा अनुदान वेगळं आणि देखभाल-दुरुस्ती वेगळी यायची. आता ते एकत्र येतं, म्हणून 'संयुक्त'. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. महाराष्ट्रात योजना राबवते ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद.

योजनेच्या सुधारित आराखड्यानुसार हे अनुदान शाळेच्या पटावर ठरतं. दरवर्षीची कमाल रक्कम अशी:

- ३० पर्यंत पट: १०,००० रुपये
- ३१ ते १००: २५,००० रुपये
- १०१ ते २५०: ५०,००० रुपये
- २५१ ते १,०००: ७५,००० रुपये
- १,००० च्या वर: १,००,००० रुपये

पट यू-डायसवरचा (शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरचा) धरतात, म्हणून तिथली माहिती भरताना निष्काळजीपणा नको. ३१ व्या मुलाची नोंद राहिली तर शाळेचे १५,००० रुपये बुडतात.

या रकमेतले किमान १० टक्के स्वच्छता कृती आराखड्यावर खर्च करावे लागतात. २५,००० मिळाले तर २,५०० रुपये साबण, फिनेल, शौचालयाची सफाई, हात धुण्याचे नळ अशा कामांवर दिसलेच पाहिजेत. हा किमान आकडा आहे. त्याहून जास्त खर्च केला तर कुणी अडवत नाही.

याखेरीज ग्रंथालयाचे पैसे वेगळे येतात. क्रीडा साहित्याचे वेगळे येतात: प्राथमिकला ५,००० पर्यंत, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,०००. गणवेशासाठी पात्र मुलामागे वर्षाला ६०० रुपयांचा निकष आहे. यातला प्रत्येक पैसा आपापल्या गल्ल्यातला. गणवेश स्वस्तात मिळाला आणि चार पैसे वाचले, तर ते वाचलेले पैसे पंख्याला लावता येत नाहीत. ती अखर्चित रक्कम म्हणून दाखवायची. पोषण आहाराचा हिशेब तर पूर्ण वेगळा. या दोन वह्या एकमेकींत मिसळल्या की पुढे कोणीही त्या सोडवू शकत नाही.

अनुदान जमा झाल्याचं किंवा खर्चाची मर्यादा मंजूर झाल्याचं पत्र तालुक्याच्या गटशिक्षण कार्यालयाकडून येतं. ते फाइलच्या पहिल्या पानावर लावा. त्या वर्षीच्या खास सूचना त्यातच असतात, आणि वाद झाला तर सर्वसाधारण नियमापेक्षा ते पत्र आधी काढलं जातं.

दुसरी पायरी: खर्च चालतो की नाही

संयुक्त अनुदान कशासाठी, हे योजनेच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलं आहे: निकामी झालेलं साहित्य बदलणं, आवर्ती खर्च भागवणं (वीज, पाणी, इंटरनेट, खडू-कागद, प्रयोगशाळेचं वापरून संपणारं साहित्य, खेळाचं साहित्य, अध्यापन साहित्य) आणि असलेल्या इमारतीची, शौचालयांची वार्षिक देखभाल-दुरुस्ती.

यातला 'असलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. असलेल्या शौचालयाचं दार, कडी, टाकीचा पाइप, गळकं छप्पर, हे सगळं बसतं. नवी खोली, नवी शेड, नवं प्रवेशद्वार बसत नाही. बंद पडलेल्या प्रिंटरच्या जागी दुसरा प्रिंटर बसतो, पण आधीचा निकामी झाला हे जडवस्तू नोंदवहीत (टिकणाऱ्या वस्तूंच्या वहीत) दिसायला हवं. शाळेत कधी नव्हतीच अशी महागडी वस्तू घ्यायची असेल तर आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर आल्यावरच पुढे जा. फोनवरची 'घ्या की हो' ही मंजुरी लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही.

ठाम नकाराची यादी लहान आहे. पगार आणि मानधन, शिक्षकांचा प्रवास, सत्काराची शाल-श्रीफळं, पाहुण्यांचं चहापान, सहलीची गाडी, देणगी, दंड. गावात पंधरा ऑगस्टला मुलांना खाऊ वाटायचा तर तो लोकवर्गणीतून वाटावा, आणि लोकवर्गणीची पावती-वही वेगळी ठेवावी. या अनुदानात लोकसहभाग अपेक्षितच आहे, त्यामुळे ती वही तपासणीत उपयोगीच पडते.

कटकट होते ती मधल्या गोष्टींची. वीजबिल घ्या. चालू महिन्याचं बिल निर्विवाद चालतं. जुनी थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज आलं की प्रश्न उभा राहतो, कारण तो आधीच्या वर्षाचा बोजा असतो. थकबाकी किती, चालू किती आणि विलंब आकार किती हे वेगळं लिहून तालुक्याची लेखी मान्यता घ्या. विलंब आकार शक्यतो लोकवर्गणीतून भागवा. मीटर कोणाच्या नावावर आहे हेही पाहा. काही शाळांचं मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर निघतं. अशा वेळी ग्राहक क्रमांक ठरावात लिहून हे मीटर शाळेचंच आहे असं समितीने नमूद करावं.

रंगकाम चालतं. पण २५,००० मधले १८,००० बोलक्या भिंतींवर गेले आणि मुलींच्या शौचालयाला कडी नाही, ही शाळा मला मान्य नाही. नियमात कदाचित बसेल. समितीतल्या एखाद्या आईने मात्र ते बसू देऊ नये.

शंका आली की तीन गोष्टी बघा. खर्च या शीर्षाच्या हेतूत बसतो का? त्याचा थेट उपयोग मुलांना किंवा शाळेच्या वास्तूला होतो का? आणि स्वतःच्या खिशातून द्यायचे असते तर या भावाने घेतलं असतं का? तिसरा प्रश्न माझा नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम २१ चं सार तेच आहे: माणूस स्वतःचा पैसा जेवढ्या काळजीने खर्च करतो, तेवढ्याच काळजीने सार्वजनिक पैसा खर्च करावा.

तिसरी पायरी: पैसे येण्याआधी आराखडा आणि ठराव

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणं हे त्याच कलमातलं समितीचं काम आहे, आणि कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडाही समितीच करते. मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे कागद त्यांनी तयार करायचे आणि निर्णय समितीने घ्यायचा. प्रत्यक्षात उलटं होतं: खर्च होतो, मग वही घरोघरी फिरते आणि सह्या गोळा होतात. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या आणि इतिवृत्तात चर्चेची एक ओळ नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

अनुदान अनेकदा वर्षाच्या शेवटी येतं, कधी हप्त्यांत येतं. म्हणून जून-जुलैच्या बैठकीतच वर्षाचा आराखडा क्रमाने लावून ठेवा. ८४ पटाच्या शाळेला २५,००० मिळतील असं धरून एक नमुना देतो:

- स्वच्छता साहित्य, शौचालय सफाई: २,७००
- शौचालयाचं दार, नळ, पाइप दुरुस्ती: ५,५००
- वीज देयके: ६,०००
- खडू, नोंदवह्या, कागद: ३,२००
- अध्यापन साहित्य: ३,६००
- इंटरनेट: २,०००
- तुटलेल्या खेळसाहित्याच्या जागी नवं: २,०००

ही यादी प्राधान्यक्रमाने आहे. अर्धेच, म्हणजे १२,५०० आले तर पहिल्या दोन बाबी पूर्ण आणि विजेला ४,३००. बाकीचं दुसऱ्या हप्त्यावर. हे जूनमध्येच ठरलेलं असलं की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे मिळेल ते उचलून आणायची वेळ येत नाही.

ठरावात विषय, अंदाजे रक्कम, अनुदानाचं नाव आणि वर्ष, सूचक आणि अनुमोदक लिहा. 'शाळेला आवश्यक साहित्य खरेदी करण्यास मंजुरी देण्यात आली' हा ठराव निरुपयोगी आहे. 'संयुक्त शाळा अनुदानातून मुलींच्या शौचालयाचे एक दार व दोन नळ बदलणे, ५,५०० रुपयांच्या मर्यादेत' हा ठराव कामाचा.

चौथी पायरी: खरेदी

क्रम असा: ठराव, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, माल मिळाल्याची नोंद, बिल, देयक. तारखा याच क्रमाने चढत गेल्या पाहिजेत. लेखापरीक्षक रकमेच्या आधी तारखा बघतो, हे लक्षात ठेवा.

किती रकमेपर्यंत दरपत्रकाशिवाय खरेदी चालते ती मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलते. चालू मर्यादा तालुक्याच्या लेखा शाखेतून घेऊन फाइलला लावा. त्या मर्यादेच्या आतली खरेदीही बिनकागदी नसते. विनादरपत्रक खरेदीवर अधिकाऱ्याने प्रमाणपत्र द्यायचं असतं की माल हव्या त्या दर्जाचा आहे, विश्वासू पुरवठादाराकडून आणि वाजवी दराने घेतला आहे, याची माझी स्वतःची खात्री झाली आहे. केंद्राच्या वित्तीय नियमांतला नियम १५४ हेच सांगतो. हे दोन ओळींचं प्रमाणपत्र बिलाच्या मागे लिहून सही करायची सवय लावा.

मर्यादेखाली राहण्यासाठी एकच खरेदी तीन बिलांत तोडणं मना आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार अशी एकाच दुकानाची सारख्या रकमेची तीन बिलं कुणाच्याही डोळ्यांत येतात.

तीन दरपत्रकं तीन वेगळ्या दुकानांची हवीत, हे सांगायची वेळ येऊ नये. पण एकाच हस्ताक्षरातली, एकाच चुकीच्या शुद्धलेखनाची तीन दरपत्रकं फाइलींत असतात. लहान गावात तीन दुकानं नसतील तर तसं इतिवृत्तात लिहा आणि तालुक्याच्या बाजारातलं एक तरी दरपत्रक आणा. खरं कारण लिहिलेलं एक दरपत्रक खोट्या तिघांपेक्षा टिकतं.

पुरवठादार अध्यक्षांचा भाऊ असेल, किंवा एखाद्या सदस्याचंच दुकान असेल, तर तेही लपवू नका. त्या सदस्याने बैठकीत नातं सांगावं, त्या विषयापुरतं निर्णयातून बाजूला व्हावं, आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

बिल 'मुख्याध्यापक, जि. प. शाळा, अमुक गाव' या नावाने घ्या. त्यावर बिल क्रमांक, तारीख, वस्तूनिहाय दर आणि नग असावेत. 'शालेय साहित्य, ३,६००' असं एका ओळीचं बिल परत करा. दुकानदार जीएसटीच्या आपसमेळ योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांच्या 'कंपोझिशन' योजनेत) असेल तर तो बिलात वेगळा जीएसटी लावू शकत नाही. तसा लावला असेल तर बिल दुरुस्त करून घ्या. गवंडी, सुतार, नळकाम करणारे यांच्याकडे छापील बिल नसतं. त्यांच्याकडून कामाचं वर्णन, दिवस आणि मजुरीचा दर लिहिलेली सहीची पावती घ्या. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या बिलाची छायाप्रत त्याच दिवशी काढा. त्याची अक्षरं दोन वर्षांत उडतात आणि लेखापरीक्षण त्यानंतर येतं.

पाचवी पायरी: पैसे देणं

२०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांना एकल नोडल संस्थेची पद्धत आली. पैसा राज्याच्या एका खात्यात राहतो, शाळेच्या शून्य शिलकीच्या खात्यावर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. ही मर्यादा म्हणजे हातातले पैसे नव्हेत. मुदतीत वापरली नाही तर ती परत जाते. त्यामुळे 'खात्यात आहेत, मे महिन्यात बघू' हा जुना हिशेब आता चालत नाही. जुन्या बचत खात्यात अजून काही शिल्लक वा व्याज पडून असेल तर तालुक्याला कळवून भरणा करा आणि खातं बंद झाल्याचं बँकेचं पत्र ठेवा.

पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी देयकांच्या ऑनलाइन प्रणालीवर, एक जण देयक तयार करतो आणि दुसरा मंजूर करतो. मेकर आणि चेकर अशी ही जोडी अंतर्गत नियंत्रणाचा कणा आहे, आणि दोन्ही पासवर्ड एकाच मोबाइलमध्ये असले की तो मोडतो. संगणक येणाऱ्या एका शिक्षकाकडे, किंवा तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेवाल्याकडे दोन्ही पासवर्ड देऊन मोकळं व्हायची पद्धत सोयीची आहे खरी. पण त्या नावाने जे होईल त्याची जबाबदारी तुमची राहते.

पुरवठादाराची नोंदणी करताना खात्यावरचं नाव पासबुकाप्रमाणेच भरा. नाव जुळलं नाही तर देयक अडकतं किंवा परत येतं. देयकाची सूचना, म्हणजे पीपीए, छापून झाल्यावर तिला मुदत असते. मार्चअखेर बँकेत गर्दी आणि साइट मंद, म्हणून पंधरा मार्चच्या आत काम उरका.

अनुदान उशिरा येतं म्हणून अनेक गुरुजी आणि बाई आधी स्वतःच्या खिशातून सामान आणतात. हेतू चांगला, पण नंतर परतफेड स्वतःच्या खात्यात घेतली की प्रश्न सुरू होतात. त्यापेक्षा दुकानदाराला समितीचा पुरवठा आदेश द्या, माल घ्या, बिल त्या तारखेचं ठेवा आणि पैसे अनुदान आल्यावर थेट त्याच्या खात्यात टाका. ओळखीचा दुकानदार एवढी उधारी देतो.

सहावी पायरी: वह्या

किमान चार लागतात. कॅशबुक, प्रत्येक अनुदानासाठी स्वतंत्र किंवा निदान स्वतंत्र रकान्यांचं. साठा नोंदवही, संपणाऱ्या वस्तूंची. जडवस्तू नोंदवही, टिकणाऱ्या वस्तूंची. आणि समितीचं इतिवृत्त.

बिलावर प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, साठा नोंदवहीचं पान, ठराव क्रमांक आणि तारीख लिहा. पैसे दिल्यावर 'रक्कम अदा' असा शिक्का मारा, म्हणजे तेच बिल दुसऱ्या अनुदानाला लागत नाही. कॅशबुकात व्हाइटनर नको. चुकलं तर एका रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा आणि बाजूला छोटी सही. महिनाअखेर कॅशबुक आणि बँक विवरणाचा ताळमेळ लिहून काढा. व्यवहार झाला नसेल तर 'निरंक' लिहून सही करा. कोरं पान कधीही भरता येतं, म्हणूनच ते संशयाचं.

सातवी पायरी: द्विशिक्षकी शाळेत कामाची वाटणी

खरेदी करणारा, माल मोजून घेणारा, पैसे देणारा आणि नोंद करणारा वेगळे असावेत, असं पुस्तकात असतं. दोन शिक्षकांच्या शाळेत चौघं आणायचे कुठून? समितीतून. दरपत्रकं सहशिक्षकाने आणावीत. माल समितीतल्या एका पालकाने मोजून घ्यावा आणि बिलामागे 'मोजून मिळाला' असं लिहून सही करावी. हे काम दर महिन्याला वेगळ्या पालकाकडे द्या. देयक मुख्याध्यापक आणि अध्यक्ष मिळून मंजूर करतील. नोंद मुख्याध्यापक ठेवतील, पण ताळमेळावर दुसरी सही सहशिक्षकाची.

अध्यक्षांकडून आगाऊ कोऱ्या सह्या घेऊन ठेवणं बंद करा. अध्यक्ष शेतात असतात, ऊसतोडीला जातात, हे खरं आहे. ते बाहेरगावी जाणार असतील तर जाण्याआधी देयकं उरका, नाहीतर सही कोणी करायची याबाबत समितीचा ठराव करून तालुक्याला कळवा.

आणि खर्चाचा तक्ता शाळेच्या दर्शनी भागात लावा: किती आले, कशावर गेले, शिल्लक किती. गावातला एक माणूस तो वाचून 'नळाला एवढे?' असं विचारतो, तेव्हा कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा बारीक तपासणी होते. उत्तर फाइलमध्ये असलं की झालं.

आठवी पायरी: मार्चअखेर, उपयोगिता प्रमाणपत्र आणि नंतर

उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं हे सहीनिशी सांगणाऱ्या कागदात, फक्त झालेला खर्च दाखवायचा. सुताराला दिलेली उचल खर्च नव्हे, दार बसल्यावर आणि बिल आल्यावर ती खर्च होते. मिळालेली रक्कम, खर्च आणि अखर्चित शिल्लक यांची बेरीज-वजाबाकी कॅशबुकाशी आणि पीएफएमएसच्या अहवालाशी पैशापैशाने जुळली पाहिजे. 'शंभर टक्के खर्च' दाखवण्याचा दबाव येतो. १,२४० रुपये उरले असतील तर १,२४० लिहा. अखर्चित रक्कम हा दोष नाही, न झालेला खर्च झाला म्हणून सही करणं मात्र गंभीर आहे.

लेखापरीक्षण आलं की मूळ फाइल हातातून सोडू नका. दिली तर यादी करून पोच घ्या. आक्षेप निघाला तर अनुपालन मुदतीत द्या, आणि उत्तरात वर्णन कमी, पुरावा जास्त: ठराव क्रमांक, प्रमाणक क्रमांक, साठा नोंदवहीचं पान, छायाचित्र. जो कागद तेव्हा केलाच नव्हता तो आता मागच्या तारखेने करू नका. चूक मान्य करून समितीचा कार्योत्तर ठराव आजच्या तारखेने घ्या. त्याने प्रत्येक आक्षेप सुटेलच असं नाही, पण एका आक्षेपाचे दोन होत नाहीत.

बदली झाली तर कार्यभार देताना कॅशबुक बंद करून शिल्लक अक्षरी लिहा, दोघांच्या सह्या घ्या, जडवस्तू प्रत्यक्ष मोजून द्या, प्रलंबित बिलांची यादी जोडा. बँक आणि पीएफएमएसला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर नव्या मुख्याध्यापकांच्या शाळेचा ओटीपी पुढची दोन वर्षं तुमच्याच फोनवर येत राहील.